डेन्मार्कची बिनपरीक्षेची शाळा

डेन्मार्कमधल्या लोकविद्यालयांत परीक्षा नसते, गुणपत्रिका नसते आणि तिथे राहून आल्याने कोणती पदवीही हाती पडत नाही. शालेय शिक्षण संपवलेली मुलेमुली काही महिने तिथे एकत्र राहतात, शिकतात, भांडी घासतात, गातात, वाद घालतात आणि मग आपापल्या वाटेला लागतात. आपल्याकडे ज्याला सरळ ‘वर्ष वाया घालवणे’ म्हणतात, त्याची तिथे रीतसर संस्था झाली. तिला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

मूळ कल्पना धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासकार एन. एफ. एस. ग्रुंटविग (१७८३–१८७२) यांची. लॅटिन घोकून घेणाऱ्या शाळांना ते मरणाच्या शाळा म्हणत. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षक आणि विद्यार्थी एका छताखाली राहतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी इंग्लंडच्या वारीत पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले.  शाळेमागचा त्यांचा हेतू राजकीय होता. राज्यकारभारात लोकांना वाटा मिळायचा, तर शेतकऱ्याच्या पोराला बोलता आणि विचार करता आले पाहिजे, एवढाच. गंमत म्हणजे पहिली शाळा त्यांनी स्वतः काढलेली नव्हती.

पहिले विद्यालय ७ नोव्हेंबर १८४४ रोजी रोडिंग येथे उघडले. पण अशा विद्यालयांना आजचे रूप दिले ते क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने. १८५१ मध्ये रिस्लिंगे येथे काढलेल्या शाळेत तो विद्यार्थ्यांसोबतच राही, जेवे. पुस्तकापेक्षा त्याचा भर गोष्टी सांगण्यावर होता. पुढे या शाळांचे वेळापत्रक शेतीच्या हंगामाने ठरवले : हिवाळ्यात शेते रिकामी असताना मुले येत, मुलींचे वर्ग उन्हाळ्यात भरत.

१८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाकडून डेन्मार्कचा पराभव झाला. श्लेस्विग प्रांत हातचा गेला आणि त्याबरोबर तिथले रोडिंगही. तिथल्या शिक्षकांनी १८६५ मध्ये सीमेअलीकडे आस्कोवला शाळा मांडली. पराभवानंतरच्या वर्षांत विद्यालये भराभर वाढली. आस्कोवला पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ पासून पवनचक्कीवर वीज निर्माण करण्याचे प्रयोग केले. परीक्षा नसलेल्या शाळेत गंभीर काम होत नाही, या समजाला हे चांगले उत्तर आहे. शेतीतही याच काळात बदल होत होते : परदेशी स्वस्त धान्यामुळे शेतकरी लोण्याकडे वळला आणि १८८२ मध्ये हिएडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली. त्या सहकारी चळवळीतल्या अनेकांनी तरुणपणी अशा शाळेत एक हिवाळा काढलेला होता. सहकाराचे सगळे श्रेय मात्र शाळांना देता येत नाही.

विसाव्या शतकात शेतीवरची माणसे घटली आणि शहरातली मुले या शाळांत येऊ लागली. प्रश्नही बदलला : नागरिक कसा घडवायचा हा मागे पडला, आणि शिकून दमलेल्या मुलाला पुढे काय करायचे हे कसे उमगावे, हा पुढे आला. अशा मुलांच्या मनःस्वास्थ्यावर या शाळांचा परिणाम मोजणे अवघड आहे, कारण तिथे येणारी मुले स्वतःहून येतात आणि शुल्कही भरतात, त्यामुळे इतरांशी सरळ तुलना होत नाही. दिवसही तिथे निवांत नसतो. सकाळच्या गाण्यापासून रात्रीपर्यंत काही ना काही चालूच असते. तिथला सावकाशपणा वेळेचा नाही. कुणाचा कितवा नंबर, हे कुणी विचारत नाही, हाच तो. तीच माणसे महिनोन्‌महिने रोज समोर असतात, हे त्याहून मोलाचे.

सरकारला मात्र मुलांचे हे रेंगाळणे परवडेना. २००९ मध्ये नियम आला : शालेय शिक्षण संपल्यावर दोन वर्षांच्या आत उच्च शिक्षणाला प्रवेश घेणाऱ्याच्या सरासरी गुणांना १.०८ ने गुणायचे. घाई केली तर बक्षीस. २०२० मध्ये हा नियम रद्द झाला.