मिझेरेरे
पोपच्या सिस्टीन चॅपेलमधील गायक ग्रेगोरिओ आल्लेग्री (१५८२–१६५२) याने बायबलमधील ५१ व्या स्तोत्राच्या, म्हणजे एका अनुतापस्तोत्राच्या, लॅटिन पाठावर केलेली ही वाद्यविरहित वृंदरचना पवित्र सप्ताहातील उपासनेत गायिली जाई. एक वृंद पाच स्वरांचा, दुसरा चार. त्यांच्या कडव्यांच्या दरम्यान एकस्वरी पठण आणि अखेरीस नऊही स्वरांचा मिलाफ. कागदावर ती अगदी साधी दिसते. परंतु गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखलेली अलंकरणे आणि त्या उपासनेत मेणबत्त्या एकेक मालवीत नेल्यावर दाटलेला अंधार ध्यानात घेतल्यावाचून तिची थोरवी उमगत नाही. तिची नक्कल पोपच्या दप्तराबाहेर सहसा जात नसताना १७७० मध्ये चौदा वर्षांच्या मोट्सार्टने ती ऐकून स्मरणाने उतरवली. १७७१ मध्ये इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने ती लंडनला छापली.