गुलाबी बोंडअळी आणि रिकामे शेत

कपाशीला मावा, तुडतुडे असे शत्रू पुष्कळ. परंतु बोंडाच्या आत राहून बाहेर पत्ता लागू न देणारी गुलाबी बोंडअळी त्यांत सर्वांत कावेबाज. 1843 साली सॉंडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, ते भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकीबरोबर ती इजिप्तला पोहोचली आणि पुढे जगभर पसरली.

आम्ही रायपूरकर धानाच्या मुलखातले. तथापि 1956 पर्यंत आमचा आणि वऱ्हाडचा प्रांत एकच होता. पऱ्हाटीची सुखदुःखे आम्हांला परकी नाहीत.

या अळीचा मुख्य आधार कपाशीच. हंगाम सरला की ती सरकीत वा वाळल्या बोंडांत निपचित पडून पुढच्या पिकाची वाट पाहते. मधले काही महिने शेत रिकामे राहिले, तर तिची साखळी तुटते.

2002 च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला संमती मिळाली. 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, असा नियम होता. त्या ओळींवरील पतंगांशी संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये, हा हेतू. पण दोन-चार एकरांच्या धन्याने त्यांतल्या ओळी अळीला कशा वाहाव्यात? शिवाय जेथे ओलित, तेथे फरदडीचे पीक उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभे राही. 2010 च्या सुमारास गुजरातेत बीटीला न जुमानणारी अळी आढळल्याचे जाहीर झाले. 2017 साली विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पिकावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे तेथील शासनाने 2018 मध्ये जाहीर केले. बीटी बियाणे तेथेही होतेच. पण त्याच्या जोडीला वांझ पतंग सोडले गेले आणि पऱ्हाटी वेळेवर नष्ट केली गेली, तीही साऱ्या मुलखाने मिळून. आपल्याकडेही डिसेंबरअखेर पीक काढण्याचा सल्ला दिला जातो. मात्र एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने राखली, तर पतंगाला बांध आडवा येत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो फरदडीची शेवटची वेचणी सुखासुखी सोडत नाही. रिकामे शेत हे जुने आणि खात्रीचे औषध खरे. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याकडून वसूल करून चालणार नाही.