शेवट ठाऊक नसताना

चिठ्ठी उलगडा. तुमच्या वाट्याला सरदारकी आलेली नाही. तुम्ही पेशव्यांच्या फडावरचे कारकून आहात. कानावर बोरू, बोटांना शाई, साल 1774, महिना जानेवारीचा. टेबलाभोवती बसलेल्या इतरांच्या मुठीतही चिठ्ठ्या आहेत. कुणी सखारामबापू बोकील, कुणी नाना फडणीस, कुणी हरिपंत फडके. कोण काय जाणतो आणि कोण काय लपवतो, एवढंच या खेळाचं भांडवल. तलवारी फार कमी वेळा उपसल्या जातात.

सूत्रधार बोलू लागतो आणि तुम्ही शनिवारवाड्यात असता.

भाद्रपदापासून इथं कुणी मोकळ्या आवाजात बोलत नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी याच वाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. अठरा वर्षांचा पेशवा काका रघुनाथरावांना मिठी मारून जीव वाचवा म्हणत होता, आणि त्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकरही तिथंच कापला गेला. आज पेशवेपद त्याच काकांकडे आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. तुम्हाला ते जमणारं नाही. घरी खाणारी तोंडं आहेत.

दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव, फौजेसह दक्षिणेकडे आहेत. त्यांच्या छावणीतून एकेक मुत्सद्दी काही ना काही निमित्त काढून माघारी फिरतो आहे. बापू आले, नाना आले. आणि एका रात्री तुम्हाला बोलावणं येतं. समईपाशी नाना बसलेले, वय अवघं एकतीस. पानिपतावर आई हरवून हा माणूस स्वतःचा जीव तेवढा घेऊन परतला होता. तो मजकूर सांगतो, तुम्ही मोडीत लिहिता: पुरंदरावर धान्य, तूप, सरपण. मग सुईण. तुमचा हात अडतो. (हा कागद खेळातला आहे, पण त्यामागची निकड खरी आहे.) नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर आहेत. मुलगा झाला तर दादांचा हक्क संपला. मुलगी झाली तर समोर बसलेला हा माणूस, बापू आणि पुढे बारभाई म्हणून ओळखली जाणारी सगळी मंडळी राजद्रोही ठरणार. वाळू टाकून तुम्ही शाई टिपता. ही बातमी दादांच्या माणसाला विकली तर तुमची ददात मिटेल.

ठरवा. उद्या पालख्या निघणार आहेत.

तुम्ही गप्प राहिलात असं धरू. गडाच्या चढावर तुम्ही पालख्यांमागून चालता आहात. गंगाबाईंच्या सोबतीला पार्वतीबाई आहेत, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. पानिपताला तेरा वर्षं झाली, पण भाऊ गेले हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. कुंकू पुसलेलं नाही. एक बाई नवऱ्याच्या मरणाची खूण नाकारते आहे, दुसरीच्या पोटात तिच्या नवऱ्याची शेवटची खूण वाढते आहे, आणि मराठी राज्याचा कारभार या दुसरीच्या नावानं चालवायचा असं खाली ठरलेलं आहे.

मग सुरू होतात वाट पाहण्याचे महिने. 26 मार्चला पंढरपूरजवळ कासेगावला बारभाईंच्या बाजूचे त्रिंबकराव पेठे दादांशी लढताना हरले, घायाळ होऊन कैद झाले, त्यातच गेले. गडावर सावधपणा वाढतो. बोलवा उठते की मुलगी झालीच तर अदलाबदल करता यावी म्हणून आणखी गरोदर बायका गडावर आणून ठेवल्या आहेत. तुम्ही तसं काही पाहिलं नाही. पण कारकुनाला किती दाखवलं जातं?

18 एप्रिलला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या आत-बाहेर त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली, हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो. त्या ओळीनं आपलं मोठं नुकसान केलं आहे. शेवट आधीच कळल्यामुळे नाना दूरदर्शी वाटतात, दादा बावळट वाटतात आणि बापूंचं दोन्हीकडे संधान ठेवणं नुसतं लबाडीचं वाटतं. त्या एप्रिलात मात्र ते साधं व्यवहारज्ञान होतं. भूमिका-खेळ ती ओळ खोडून टाकतो. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, अमेरिकेत 1974 साली छापला गेला, बरोबर दोनशे वर्षांनी. आणि त्यातलं फाशाचं तत्त्व मला पुरंदरावर हवं आहे. म्हणून सूत्रधाराला माझी कळकळीची विनंती: बाळंतपणाच्या वेळी फासा खरोखर टाका. सम आला तर मुलगी. आणि मग इतिहासाची भीड न धरता पुढे खेळा.

आणखी एक. गंगाबाईंची चिठ्ठी कुणाच्या तरी हातात द्याच. बहुतेक वेळा त्यांना खेळाडू न मानता पटावरचा ऐवज मानलं जातं. 1777 मध्ये त्या वारल्या, मुलगा तीन वर्षांचा होता. त्यांच्या नावानं कारभार चालणार असेल, तर शिक्का आपल्या हाती असावा अशी मागणी त्यांना करू द्या. नाना नकार देतील. मग गंगाबाईंनी बापूंकडे गुपचूप निरोप धाडावा. बापू दोन्ही दारं उघडी ठेवतात, हे एव्हाना त्यांनाही कळलेलं असेल. आणि तो निरोप लिहायला गडावर तुम्ही आहातच.