पीआयओ कार्डाचं मूळ जोहान्सबर्गला?

बेंगळुरूमधल्या मारतहळ्ळीच्या आयटी कंपन्यांत अमेरिकी पासपोर्टवाला भारतीय वंशाचा माणूस व्हिसाविना नोकरी करू शकायचा, तो पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) कार्डाच्या जोरावर. मे २००८पर्यंत तर तो उतरायचाही शेजारच्या एचएएल विमानतळावर. कार्ड निघालं १९९९मध्ये: एक हजार डॉलर, वीस वर्षं मुदत. २००२मध्ये ते पंधरा हजार रुपयांवर आणि पंधरा वर्षांवर आलं. सलग १८० दिवसांहून जास्त राहिलात तर परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओत, नोंदणी होतीच. २००६मध्ये ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आलं आणि सरकारच्या घरात मोठी नि धाकटी अशा दोन जावा नांदू लागल्या.

पीआयओ म्हणजे ग्रीन कार्डाची नक्कल, असं बरेच जण समजतात. मला ते पटत नाही. ग्रीन कार्डाला तुमच्या पणजोबांशी काही देणंघेणं नसतं. पीआयओची धाव थेट पणजोबांपर्यंत. मग इस्रायलचा १९५०चा परतीचा कायदा? तोही वंशच पाहतो, पण हातात नागरिकत्व देतो. वंश पाहायचा, कार्ड द्यायचं आणि मताचा हक्क मात्र नाही, हा साचा मला सापडतो तो दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये. तिथल्या १९०७च्या कायद्याने आशियाई माणसाला नोंदणीचा दाखला बाळगायला लावला. बोटांचे ठसे द्यायचे, पोलिसाने मागितला की दाखला काढायचा. तडजोड म्हणून भारतीयांनी स्वखुशीने दाखले काढले. तरी कायदा रद्द होईना, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात गांधींच्या पुढाकाराने दोन हजारांवर दाखले मोठ्या कढईत जाळले.

तिथे जाच होता, इथे सवलत, हा आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की हेतू फिरला, साचा राहिला. आणि तारीख पाहा. गांधी परतले ९ जानेवारी १९१५ला. म्हणून परदेशस्थ भारतीयांविषयीच्या सिंघवी समितीच्या शिफारशीने तोच प्रवासी भारतीय दिवस ठरला. पीआयओ योजना गुंडाळून कार्डधारकांना ओसीआय मानणारी अधिसूचना निघाली ९ जानेवारी २०१५ला, बरोबर शंभर वर्षांनी! तारखेवरून कूळ सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण दाखले जाळणाऱ्याच्याच दिवशी कार्ड मोडीत निघावं, याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही.

गंमत म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने आधी, ३० सप्टेंबर २०१४ला, हेच कार्ड आजीवन केलं होतं. बंद केल्यावरही ते लगेच सुटलं नाही. हाताने लिहिलेली जुनी कार्डं यंत्राला वाचता येत नाहीत, म्हणून ती बदलून घ्यायला मुदत दिली; ती सरली की नवी, मग आणखी एक.