आंजर्ल्याची पुळण कोणी राखली?

दापोली तालुक्यातील आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीकडून खाली पाहिले की गावाची सारी रचना ध्यानात येते. डोंगराच्या पायथ्याशी नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत दडलेली घरे, मग सुरूची झाडे, मग पुळण आणि समुद्र. दक्षिणेला जोग नदी समुद्राला मिळते. नदीवर पूल नव्हता तेव्हा हर्णैकडून येणारा माणूस तरीतून आंजर्ल्याला येई. पूल झाला, गाड्या गावात येऊ लागल्या आणि त्यांतून मुंबई-पुण्याचे पर्यटकही आले.

किनाऱ्यावरील सर्वच पर्यटनस्थळांना पडणारा पेच येथे सुरू होतो. मोकळा, शांत किनारा पाहायला माणसे येतात. ती आली की खोल्या लागतात, दिवे लागतात, गाड्यांना जागा लागते. ज्यासाठी आलो, तेच हळूहळू नाहीसे होऊ लागते. असे असूनही आंजर्ल्याची पुळण आजही कासवांना अंडी घालण्याजोगी राहिली आहे. ती कोणी राखली? कायद्याने, असे कोणी म्हणेल. गावाने, असे दुसरा म्हणेल. आमच्या मते दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. हा इतिहास फार जुना नाही, त्याचे साक्षीदार आज गावोगावी भेटतात. म्हणूनच तो वर्गात सांगण्यासारखा आहे.

कागदावरचे रक्षण

प्रथम कायदा पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आपल्या किनाऱ्यावर येणारे ऑलिव्ह रिडले कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखण्याची सूचना केली. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम नको आणि त्यापुढे ५०० मीटरांपर्यंत अटी पाळूनच करावे, असा तिचा आशय होता. २०११ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात स्पष्टपणे नमूद झाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी २०० मीटरांचा पट्टा ५० मीटरांवर आणला.

विणीच्या जागांना संरक्षण आहे, हे ठीक. पण अमुक पुळणीवर कासवे येतात याची नोंद कोणी करायची? ओडिशातील गहिरमाथ्याला एकाच वेळी हजारो माद्या येतात, त्यामुळे तो किनारा जगाला ठाऊक झाला. कोकणात तसे होत नाही. येथे एकेकटी मादी अंधारात वर येते, सुमारे दीड फूट खोल सुरईसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि तासाभरात परत जाते. सकाळी उरतो तो फक्त तिचा माग. हा माग गावातल्या जाणत्या माणसांना अचूक ओळखता येई. परंतु माग काढणारा बहुधा अंडी उकरून नेण्यासाठीच जाई. त्याच्या हातून सुटलेली घरटी कोल्ह्याकुत्र्यांच्या वाट्याला येत. ज्ञान गावात होते, कायदा दिल्लीत होता आणि दोघांची गाठ पडलेली नव्हती.

२००२ सालची टरफले

ती गाठ पडली ती एका वेगळ्याच पक्ष्यामुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ साली समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत कोकण किनाऱ्यावर फिरत होते. आंजर्ल्याच्या उत्तरेला, केळशीच्याही पुढे, बाणकोट खाडीजवळ वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आहे. तेथील पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कासवे येतात आणि अंडी नेली जातात, हे कळले.

या वेळी पोलिसांत तक्रार करून गप्प बसता आले असते. त्याऐवजी संस्थेने गावाला बरोबर घेतले. माग ओळखणाऱ्या माणसांनाच अंडी राखण्याचे काम मिळाले. पहाटे पुळण फिरायची, घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. हे काम काही तासांतच करावे लागते. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडे फिरले तर तो मरतो. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले वर येतात आणि त्यांना समुद्राजवळ सोडले जाते. पहिल्याच हंगामात सुमारे पन्नास घरटी वाचली. पुढे हे काम आंजर्ल्यासह अनेक गावांत पसरले. वनविभाग आणि २०१२ साली स्थापन झालेला कांदळवन कक्षही त्यात उतरला.

२००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले. ते गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले, आणि अंड्यापेक्षा पिल्लू अधिक मोलाचे ठरले. पुढे आंजर्ल्यालाही असा महोत्सव होऊ लागला. कायद्याला जे एकट्याने जमले नव्हते, ते पहाटे उठणारी माणसे आणि पाहुण्यांचे जेवण यांनी मिळून करून दाखवले.

अंधाराची गरज

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. वाळूतून वर आलेले पिल्लू जिकडे क्षितिज अधिक उजळ दिसते तिकडे धावते. निसर्गात रात्री ती दिशा समुद्राची असते, कारण जमिनीकडे झाडांची काळी रेघ असते. पुळणीलगत खोल्यांचे दिवे लागले की पिल्लू उलट चालू लागते आणि सकाळी उन्हात वाळते. दिवे असतील तेथे मादीही वर यायला कचरते. पुळणीवर गाडी फिरली तर वाळू दबते, आणि चाकाची चाकोरी दोन इंची पिल्लाला खंदकासारखी होते. म्हणजे कासवासाठी आलेला पाहुणाच कासवाला नडू शकतो.

ग्रीसच्या झाकिंथॉस बेटावरही हाच पेच पडला. तेथे लॉगरहेड जातीची कासवे अंडी घालतात त्या पुळणींवर पर्यटकांची गर्दी झाली. १९९९ साली सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तरी पुळणीवर मोपेड व पाण्यात छोट्या होड्या फिरतच राहिल्या. जानेवारी २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवले. तेथे कायदा होता, न्यायालय होते, पण पुळणीचा राखणदार तोकडा पडला. त्याच वर्षी वेळासला सुरुवात राखणदारापासून झाली.

आपली पद्धतही निर्दोष नाही. कासवाचे लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे ३० अंश सेल्सियसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. त्यामुळे कुंपणाची जागा, तिच्यावरची सावली आणि खड्ड्याची खोली यांना महत्त्व येते. शिवाय सोडलेल्या पिल्लांची संख्या म्हणजे यश नव्हे. प्रौढ होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि बहुतेक पिल्ले तेथवर पोचत नाहीत. मोजायचे असेल तर दरवर्षी येणाऱ्या माद्या मोजाव्यात.

या माद्या पुढे कोठे जातात हेही आता थोडेथोडे कळत आहे. जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या पुळणीवर ‘सावनी’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी तर जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी समजली जात. आपल्या गावापुरता वाटणारा प्रश्न श्रीलंकेला वळसा घालून ओडिशापर्यंत जातो, हे तिने दाखवले.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. नारळ पुन्हा धरायला वर्षे लागतात, म्हणून पाहुण्यांवरची भिस्त साहजिकच वाढते. अशा वेळी ‘आणखी चार खोल्या, जरा पुढे, जरा जास्त उजेड’ हा मोह टाळा, असे शहरातून सांगणे सोपे आहे. तो टाळण्याची किंमत मात्र गाव मोजते. पर्यटकानेही आपला वाटा उचलावा. गाडी पुळणीवर नेऊ नये, बॅटरी व फ्लॅश बंद ठेवावा, पिल्लाला हात लावू नये, आणि गावातल्या घरात राहून त्याचे पुरते पैसे द्यावेत.

किनाऱ्यावरच्या शाळांना येथे प्रयोगशाळा आयतीच मिळते. अमावास्येच्या सुमारास, मोठ्यांच्या सोबतीने, ठरावीक जागी उभे राहून किती दिवे दिसतात ते विद्यार्थ्यांनी मोजावे आणि नकाशावर मांडावे. वाळूत दीड फूट खोलीवर, घरट्यांपासून दूर, उन्हात व सुरूच्या सावलीत तापमान घ्यावे. हे दरवर्षी केले तर पाच वर्षांत गावापाशी आपल्या किनाऱ्याची अशी नोंद जमेल, जी आज कोणत्याही कचेरीत नाही.

पुळण एकदा वाचवली आणि काम झाले, असे होत नाही. कायदा, राखणदार आणि पाहुणा या तिघांपैकी एकाने डोळा मिटला तर उरलेल्या दोघांचे श्रम वाया जातात. आंजर्ल्यात आजवर कोणी ना कोणी जागे राहिले. पुढच्या हंगामात पहाटे पुळणीवर कोण जाणार, हे आज तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांवर अवलंबून आहे.