तळटीप ३ : 'मूठ मूळचीच आहे'

स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्वरच्या मुठीवरील लाकडी ग्रिप्स त्याच काळातल्या असाव्यात, हा लेखकाचा आग्रह हौशी वाटेल. पण त्यात तथ्य आहे. कारखान्यात ग्रिप्सची जोडी त्या त्या रिव्हॉल्वरच्या सांगाड्यावर बसवून घासली जाई आणि उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूस बहुधा शस्त्राचा अनुक्रमांक पेन्सिलीने लिहिला किंवा ठोकला जाई. म्हणून एकाची पट्टी दुसऱ्यावर चढवली की कडेला पोलाद उघडे पडते, नाहीतर लाकूड बाहेर डोकावते. नखाला ती पायरी लगेच जाणवते.

काळ ओळखायला बाहेरच्या खुणाही उपयोगी पडतात. विसाच्या दशकातल्या बहुतेक पट्ट्यांवर कंपनीची धातूची चकती नसते. तिशीत रुपेरी चकती दिसू लागते. पोलादी पाठीच्या वरच्या खांद्यापर्यंत चढणारी रुंद 'मॅग्ना' ग्रिप १९३५ साली .३५७ मॅग्नमबरोबर आली. १९२५च्या रिव्हॉल्वरवर ती दिसली तर नंतरची भर समजावी. स्क्रूभोवतीच्या खाचकामात राखलेला गुळगुळीत शंकरपाळ्याचा आकार १९६८च्या सुमारास बंद झाला.

नेमकी जोडी मिळेपर्यंत आहे तीच राहू द्यावी. चकत्यांच्या खुणा जुळल्या तरी पट्टी उलटून आतला आकडा पाहिल्याशिवाय 'मूळची' हा शब्द वापरू नये. आणि दुसऱ्या शस्त्राची अस्सल जुनी पट्टी कानस मारून बसवणे तर मुळीच नको. त्यात दोन्ही वस्तूंचे नुकसान होते. – संपा.