लाल त्रिकोणाचा पंप

मंडळी, आपल्याकडे लाल त्रिकोण म्हटलं की कुटुंबनियोजन आठवतं :) अमेरिकेत मात्र तो सिटगोच्या पेट्रोल पंपांवर दिसतो, आणि २००६ मध्ये त्या त्रिकोणावरून तिथे चांगलीच जुंपली होती.

झालं असं. २० सप्टेंबर २००६ ला व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ संयुक्त राष्ट्रांत बोलायला उभे राहिले. आदल्या दिवशी तिथेच बुश बोलून गेले होते. चावेझनी त्यांना सरळ सैतान म्हटलं, वर इथे अजून गंधकाचा वास येतोय असंही सुनावलं. लगेच सिटगोवर बहिष्काराची हाक! कारण सिटगो त्यांच्याच सरकारची. पीडीव्हीएसए या तिथल्या सरकारी तेल कंपनीने १९८६ मध्ये सिटगोचा निम्मा हिस्सा घेतला होता, उरलेला १९९० मध्ये.

गंमत म्हणजे वर्षभरापूर्वी बरोबर उलटं आवाहन झालं होतं. २००५ मध्ये काही डाव्या मंडळींचं म्हणणं होतं की सिटगोवरच टाकी भरा, पैसा व्हेनेझुएलातल्या गरिबांच्या कामी येईल. त्या हिवाळ्यात सिटगोने मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब घरांना घर गरम ठेवायचं तेलही सुमारे ४० टक्के सवलतीत दिलं. म्हणजे तोच त्रिकोण बघून एक जण पुण्य कमवायला आत वळतोय आणि दुसरा देशभक्तीपोटी पुढे निघतोय.

आता इंजिनियरचा खवचट प्रश्न: पुढे निघून तो भरणार काय? अमेरिकेत पाइपलाइनमधून वेगवेगळ्या रिफायनऱ्यांचं पेट्रोल एकत्रच वाहतं. डेपोवर टँकर भरताना कंपनीचं अ‍ॅडिटिव्ह मिसळलं की त्याला ब्रँड चिकटतो. त्यात न्यू ऑर्लिन्सजवळची शालमेट रिफायनरी तेव्हा एक्सॉनमोबिल आणि पीडीव्हीएसए यांची निम्मी-निम्मी होती. घ्या, टाळा चावेझना!

शिवाय पंप सिटगोच्या मालकीचे नव्हतेच. बोर्ड आणि पुरवठा तिचा, पंप स्थानिक डीलरचा. गिऱ्हाईक रुसलं की पहिला फटका त्यालाच. रिफायनरी आपला माल दुसरीकडे विकू शकते, डीलर आपला चौक कुठे नेणार? (आपल्याकडे नायराच्या कंपनीत रशियाच्या सरकारी रोसनेफ्टने २०१७ मध्ये ४९.१३ टक्के हिस्सा घेतला. पंप चालवतो तो मात्र बहुतेक ठिकाणी गावातलाच कुणीतरी.)

तरी बहिष्कार निव्वळ वेडेपणा होता असं मला वाटत नाही. सिटगोचा नफा काराकासला जात होता, हे खरंच होतं. आणि त्याच सप्टेंबरात ७-इलेव्हनने आपल्या सुमारे २,१०० दुकानांतून सिटगोचं पेट्रोल काढत असल्याचं जाहीर केलं. करार तसाही संपत आला होता, पण चावेझच्या भाषणाचा उल्लेख कंपनीने आवर्जून केला. आता इथे खरी मजा आहे. १९८३ मध्ये सिटगो विकत घेतली होती ती साउथलँडने, म्हणजे ७-इलेव्हनच्याच कंपनीने, आणि व्हेनेझुएलाला दोन हप्त्यांत विकली तीही तिनेच! शिवाय २००६ मध्ये ७-इलेव्हन स्वतः पूर्णपणे जपानी मालकीची होती. असो.

काराकासचा नळ शेवटी बंद केला तो अमेरिकन सरकारने. जानेवारी २०१९ मध्ये पीडीव्हीएसएवर निर्बंध आले आणि सिटगोचा कारभार व्हेनेझुएलाच्या विरोधी पक्षाने नेमलेल्या संचालकांकडे गेला. पंपांवरचा त्रिकोण मात्र कुणी उतरवला नाही.